खुर्चीतलं हेलिकॉप्टर

आमच्या घाटकोपरच्या घरावरून विमानं इतकी खाली यायची की गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवरून त्यांची सावली सरकत जायची. नवा पाहुणा बोलता बोलता थांबून वर बघायचा. आम्ही आवाज चढवून वाक्य पुरं करायचो. मी त्याच गल्लीत वाढलेली, त्या आवाजाचं मला कधी काही वाटलं नाही. पण लग्न होऊन वर्षही झालं नसेल, एक दिवस गच्चीतले वाळलेले कपडे काढत असताना वरून विमान गेलं आणि मी दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून तशीच उभी राहिले.  त्या विमानात माझं कोणीही नव्हतं.

नवरा माझाच, निवडलेलाही मीच. समोरच्या बिल्डिंगमधला. त्याचे वडील गिरणीत फिटर होते. त्यांनी निवृत्तीचे पैसे मुलाच्या पायलटच्या लायसन्समध्ये घातले, आणि ते लायसन्स मुलाच्या हातात पडायच्या आधीच वडील वारले. सासूबाई मालवणच्या. मुलगा आकाशात काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. एकटे असताना मी त्याला तू म्हणायचे, सासूबाईंसमोर अहो. ही कसरत मला चांगली जमली होती, म्हणजे निदान मला तसं वाटायचं.

लायसन्स होतं, नोकरी नव्हती. नुसत्या लायसन्सवर स्वच्छ हवेत, बाहेर बघत उडायची परवानगी मिळते. ढगात शिरायचं तर त्याची वेगळी परीक्षा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग. काचेबाहेर सगळं पांढरं झालेलं असताना फक्त समोरच्या सहा तबकड्यांकडे बघून विमान सरळ ठेवायचं, वळवायचं, खाली आणायचं. वेग, उंची, दिशा, वर चाललोय की खाली, कुठल्या अंगाला कललोय, किती वळतोय, सगळं त्या तबकड्या सांगणार. त्या रेटिंगशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं, आणि त्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास आमच्या ऐपतीबाहेरचे होते.

मग त्याने स्वस्तातली वाट काढली. जुहूच्या फ्लाइंग क्लबात तो नव्या मुलांना हवामानाचे धडे द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात लिंक ट्रेनरवर फुकट बसायचा. लिंक ट्रेनर म्हणजे जमिनीवरच खिळवलेली, छोट्या विमानासारखी एक पेटी. आत बसायचं, वरून झाकण लावायचं, अंधारात तबकड्या बघत चालवायची. पेटी खरोखरच हलते, वळते, कलते. खऱ्या विमानात सरावासाठी डोक्याला हूड लावतात, घोड्याच्या झापडीसारखा, म्हणजे तबकड्यांपलीकडे काही दिसू नये. विकतचा हूड महाग म्हणून मी पुठ्ठा आणि जुन्या छत्रीचं कापड घेऊन घरी शिवला. आणि उरलेला सगळा सराव आमच्या स्वयंपाकघरात, खुर्चीवर.

कॅलेंडरच्या पाठीवर सहा तबकड्या काढून ते भिंतीला टेकवायचं. टेबलाचा ड्रॉवर हा थ्रॉटल. उजव्या हाताने आत ढकलला की इंजिनची ताकद वाढली. डाव्या हातात जेवणाचं ताट, ते विमानाचं स्टीअरिंग. आणि आकडे बोलायला मी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, दिवसभर तेच काम. न अडखळता, न थकता आकडे बोलणं यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. "उंची दोन हजार. वेग कमी होतोय. डावीकडे कललास. दिशा एकशे वीस." तो मनातल्या मनात ती तबकडी बघायचा आणि ताट फिरवायचा, ड्रॉवर ढकलायचा. हूड घातलेला नवरा ताट फिरवतोय म्हणून मला आधी हसू यायचं. सासूबाईंना येत नसे.

"असो कोण घोवाक हुकूम सोडता गो?" त्या म्हणायच्या. "आणि 'तू' म्हणतंस त्येका!"

अहो-तूची कसरत तिथेच संपली. उंची खाली चालली असताना अहो म्हणायला वेळ कुणाला होता?

विमानाचं रेटिंग त्याला मिळालं. इतक्या कमी तासांत कसं, असं क्लबातले लोक विचारायचे, आणि तो म्हणायचा, "बायको फास्ट बोलते."

त्याच काळात एका रविवारी तो मला क्लबात घेऊन गेला. लिंक ट्रेनर ज्यांच्या ताब्यात होतं ते नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर म्हणाले, "वहिनी, एकदा बसून बघा की आत." मी मोठ्या ऐटीत बसले. झाकण बंद झालं. सहाही तबकड्या मला तोंडपाठ होत्या. मास्तरांनी बाहेरून पेटी वळवत ठेवली आणि हळूच थांबवली. तबकडी सांगत होती सरळ. माझं सगळं अंग सांगत होतं की आपण उलट्या दिशेला गरगर फिरतोय. मी डोळे फाडून तबकडीकडे बघत होते, ती सरळच होती, आणि मी खाली खाली चालले होते. मी किंचाळले. झाकण उघडलं तर बाहेर ऊन, हिरवळ, आणि मी पेटीच्या कडेला धरून ओकत होते.

"कानात पाणी असतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "बाहेरचं दिसलं नाही की ते खोटं बोलायला लागतं. सगळ्यांच्याच."

मी नवऱ्याकडे बघितलं. "तुझ्याही?"

"माझ्याही," तो म्हणाला. "मी ऐकत नाही त्याचं."

 इतके महिने मी मजेत आकडे बोलत होते ते कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. तो त्या गरगरीत एकटा बसणार होता, आणि तिथे झाकण उघडणारं कोणी नसणार होतं.

तरी विमानांत नोकरी मिळालीच नाही. मिळाली ती हेलिकॉप्टरची. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं नेणारी एक कंपनी होती, तिला पावसाळ्यातही उडणारे पायलट हवे होते. कंपनी विमानवाल्या काही जणांना हेलिकॉप्टर शिकवायला तयार झाली, स्वतःच्या खर्चाने, पण बॉण्ड लिहून घेऊन, म्हणजे बाहेर पडलास तर शिकवणीचा सगळा खर्च तू भरायचा. शिकवायचे तास ठरलेले. पावसाळ्यात समुद्रावर ढग पार खाली उतरतात, तेव्हा हेलिकॉप्टरचंही इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवंच. सरकारी परीक्षेआधी कंपनीची स्वतःची परीक्षा, आणि ती घेणार होते मास्तर, तेही आता त्याच कंपनीत हेलिकॉप्टर शिकवायला होते. दोनदा नापास झालास तर बाहेर, आणि बॉण्ड डोक्यावर.

तास कमी, म्हणून पुन्हा आमची खुर्ची. पण सगळं उलटं. हेलिकॉप्टरमध्ये दिशेची काठी उजव्या हातात, दोन गुडघ्यांच्या मध्ये. त्यासाठी आम्ही छत्री उभी धरली. आणि डाव्या हाताला सीटच्या बाजूला एक दांडा असतो. तो वर ओढला की हेलिकॉप्टर वर, खाली दाबला की खाली. त्यासाठी कपडे वाळत घालायच्या काठीचा एक तुकडा कापला आणि खुर्चीच्या मागच्या पायाला सुतळीने सैल बांधला. सासूबाईंनी काठी कापल्याबद्दल दोन दिवस अबोला धरला.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मी सावकाश बोलायचे, तो चुकायचा नाही. मग एका संध्याकाळी, आमटी उकळत होती म्हणून असेल, मी भराभरा बोलून गेले. "वेग उतरला, उजवीकडे कलला, उंची चारशे, खाली जातोयस, तीनशे." त्याचा उजवा हात छत्री सोडून टेबलाच्या ड्रॉवरकडे गेला. डाव्या हाताने दांडा खाली दाबला.

मी हसले. तोही हसला. "वाट लागली असती यार," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पटापट बोलले. पुन्हा तेच. वर ओढायच्या ऐवजी ढकललं. विमानात खाली जायला लागलं की ताकदीसाठी ढकलायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की मनाला विचारायच्या आत हात निघून जायचा. आणि ते मुरवलं होतं कुणी? त्याच खुर्चीवर, त्याच भिंतीसमोर, माझ्याच आवाजाने. नुसतं हेलिकॉप्टर शिकलेला माणूस ही चूक करूच शकला नसता. पैसेवाला खऱ्या मशीनमध्ये शिकतो, त्याला विमानात सीट डावीकडे, हेलिकॉप्टरमध्ये उजवीकडे, वास वेगळा, आवाज वेगळा. आमच्याकडे दोन्ही यंत्रं एकाच लाकडी खुर्चीत बसवलेली.

तिसऱ्या दिवशी मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तू दरवेळी दाबतोस."

"दरवेळी नाही."

"मी घाई केली की दरवेळी."

"खुर्ची आहे गं ती. खऱ्या मशीनमध्ये हात आपोआप बरोबर जातो."

"खऱ्या मशीनमध्ये असं एकदम सगळं आलंय का कधी?"

त्याने हूड काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तू मला शिकवणार आता?" तो ओरडला नाही, पण मला लागलं. मी भांडी घासायला घेतली आणि ती आपटून ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन, समोर नंबर, आणि डोळ्यांपुढे तो डावा हात. कुणाला नाशिक जोडून देताना मी मध्येच थांबायचे. घरी गच्चीवर गेले की दूर माहुलच्या रिफायनरीची ज्वाळा दिसायची. पहिल्या दिवसांत तो म्हणाला होता, वरून ती दिसली की घर कुठे ते कळतं. आता ढग आले की ती दिसेनाशी व्हायची, आणि ती पुन्हा दिसेपर्यंत मी खाली उतरायचे नाही. तो कामावर गेला की त्याच्या चपलांचा आवाज ऐकेपर्यंत जीव टांगणीला. तो आला की राग यायचा. तोंड धुतो, चहा पितो, जसं काही झालंच नाही! माझी भीती त्याला दिसत कशी नाही?

पुन्हा सराव करू या म्हटलं की सावकाश बोल म्हणायचा. मी सावकाश बोलले की चुकायचा नाही, आणि खूश होऊन उठायचा. परीक्षा जवळ आली होती. परीक्षा झाली की सरकारी परीक्षा, मग पावसाळा, मग समुद्र. त्याच्यासोबत मागे विहिरीवर कामाला जाणारी माणसं बसलेली असणार, त्यांच्याही घरी कोणी असणार. मला रोज तेच दिसायचं. पांढरं, नुसतं पांढरं, आणि त्यात सुतळी बांधलेली ती काठी खाली जाते आहे.

एका दुपारी मी एक्स्चेंजमधून अर्धी रजा टाकली आणि जुहूला गेले. बसमध्ये तीनदा वाटलं उतरावं. नवऱ्याच्या साहेबाकडे नवऱ्याची चूक सांगायला जाणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. कळलं तर तो मला माफ करणार नाही याची खात्री होती. आणि नाही सांगितलं तर काय, तेही दिसत होतं.

मास्तर कंपनीच्या हँगरच्या बाजूला छोट्या खोलीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खुर्ची, ड्रॉवर, छत्री, काठी. सांगताना मला लाज वाटत होती, आमच्या घरातला खेळ मी परक्या माणसासमोर मांडत होते. ते हसले नाहीत. "कधी होतं नेमकं?" त्यांनी विचारलं.

"दोन-तीन गोष्टी एकदम आल्या की. एकेक आली तर नाही."

"मला थोडा संशय होता," ते म्हणाले. "पण माझ्यासमोर कधी चुकला नाही. मी एकेकच देत होतो." मग म्हणाले, "परीक्षेत एकदम देतो."

"म्हणजे तो नापास होईल, सर?"

"वहिनी, माझ्या शेजारी बसून चुकला तर मी दांडा धरीन."

  मी पर्स खांद्याला लावली आणि निघाले.

परीक्षेच्या दिवशी तो घरातून निघताना सासूबाईंच्या पाया पडला. मला म्हणाला, "बघ आज." मी मान हलवली. मला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

तो परत आला तेव्हा चपला काढायच्या आधीच मला कळलं. सासूबाईंनी पाणी दिलं. तो म्हणाला, "नापास." सासूबाईंनी वर देवाकडे हात जोडले. "बरा झाला," त्या म्हणाल्या. "जमनीर तरी रवात."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर ओरडले, लग्नानंतर पहिल्यांदा. "बरं काय झालं? त्याने वर्ष घातलंय त्यात!"  मला इतका राग का आला होता ते मी त्यांना सांगू शकले नसते. त्या बोलल्या तेच माझ्या मनात होतं.

आम्ही दोघंच खोलीत आल्यावर तो खाटेच्या कडेला बसला. "मास्तरांनी एकदम तीन गोष्टी दिल्या," तो म्हणाला. "वेग, कल, उंची. तुझ्यासारख्या. त्याच क्रमाने." मग त्याने मान वर केली. "तू सांगितलंस?"

"हो."

"का?"

"मला भीती वाटते म्हणून."  "मला खूप भीती वाटते रे."

"घरातली गोष्ट बाहेर नेलीस," एवढंच तो म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला.

मग आमच्यात बोलणं राहिलं ते कामापुरतं. चहा ठेवलाय. किल्ली कुठे आहे. दुसरी आणि शेवटची संधी काही आठवड्यांनी होती. खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, काठी तशीच लोंबत होती. मी झाडू मारताना ती बाजूला करायचे. मला सुतळी सोडून टाकावीशी वाटायची, पण हात लावायची हिंमत होत नव्हती. तो रागावलेला होता, पण जमिनीवर होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला झोप चांगली लागायची.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, सासूबाई शेजारी गप्पा मारायला गेल्या होत्या, तो उठला. खुर्ची मध्ये ओढली. पण ती टेबलासमोर नाही लावली, पाठ टेबलाकडे केली, म्हणजे ड्रॉवर हाताशी येणार नाही, आणि विमानाच्या सरावाची ती भिंतही समोर नसेल. दांडा तपासला. हूड घातला. छत्री गुडघ्यांत धरली आणि म्हणाला, "बोल. फास्ट. मी चुकेपर्यंत बोल."

 दिवसभर शेकडो लोकांशी बोलणारी मी, तिथे भिंतीला टेकून उभी होते आणि एक आकडा बोलत नव्हते. तो हूडखाली वाट बघत होता. मला ठाऊक होतं, मी आता बोलले नाही तर तो दुसऱ्यांदाही नापास होईल. बॉण्ड डोक्यावर बसेल, तो कुठेतरी कारकुनी करेल, रोज संध्याकाळी घरी येईल. मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं.

"बोल ना गं," तो म्हणाला. राग नव्हता आवाजात. त्यालाही भीती वाटत होती. मी पहिल्यांदाच ती ऐकली.

मी बोलायला लागले. वेग उतरला, डावीकडे कलला, उंची तीनशे, खाली जातोयस. डावा हात वर. मी क्रम बदलला. वर. मी श्वास न घेता बोलले, दोन तबकड्या एकदम, तीन एकदम, मध्येच ओरडले, हाताने टेबलावर थाप मारली, आकडा तोडून दुसरा लावला. वर. प्रत्येक वेळी वर. माझा घसा बसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी थांबत नव्हते. चूक रे, मी मनात म्हणत होते, एकदा तरी चूक. तो चुकला नाही.

शेवटी मीच थांबले. त्याने हूड काढला, कपाळ घामाने भिजलं होतं, आणि कित्येक दिवसांनी तो माझ्याकडे बघून हसला. "काय गं, जमलं ना?"

"जमलं," मी म्हटलं.

खरंच जमलं होतं. आता मास्तरांकडे जाऊन सांगावं असं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.